क्वेरी लिहायला नव्हे, बदल पोचवायला पैसे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: आठ डेव्हलपरांची टीम आहे. मुख्य उत्पादन मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर, नवं काम पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसवर आणि एका ग्राहकाकडे ओरॅकलचा डेटाबेस. सध्या एसएसएमएस (एसक्यूएल सर्व्हरसाठीचं मायक्रोसॉफ्टचं टूल), डीबीव्हर (अनेक डेटाबेसना चालणारं टूल) आणि ओरॅकलचं एसक्यूएल डेव्हलपर यांवर काम चालतं, म्हणजे टूलवर खर्च शून्य. यंदा विकतची टूल घ्यावीत का, आणि घेतली तर कुठली?

आठही जणांसाठी सरसकट लायसन्स घेऊ नका. क्वेरी लिहिणं, टेबल चाळणं, प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) दुरुस्त करणं यांसाठी हाताशी आहे ते पुरून उरतं. विकतच्या टूलचा पैसा वसूल होतो तो मुख्यतः एका कामात: डेव्हलपमेंटच्या डेटाबेसमध्ये केलेला बदल ग्राहकाच्या चालू डेटाबेसमध्ये, तिथला डेटा न गमावता, नेऊन बसवणं. त्या कामालाही एक चांगला फुकटचा रस्ता आहे आणि बऱ्याच टीमनी तो कधी धरलेलाच नसतो.

पण आधी लायसन्स. डीबीव्हर कम्युनिटी अपाचे २.० लायसन्सखाली आहे, पीजीॲडमिन पोस्टग्रेसच्याच लायसन्सखाली, हायडीएसक्यूएल जीपीएलखाली. ही तिन्ही खुली (ओपन सोर्स) लायसन्स आहेत. ऑफिसात कितीही मशीनवर टाका, कुणाला विचारायला नको. एसएसएमएस आणि ओरॅकलचं एसक्यूएल डेव्हलपर फुकट आहेत पण खुले नाहीत. कंपनीने ठरवलं की बंद. ॲझ्युअर डेटा स्टुडिओचं तसंच झालं. ६ फेब्रुवारी २०२५ ला मायक्रोसॉफ्टने ते थांबवत असल्याचं जाहीर केलं, २८ फेब्रुवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली आणि वापरणाऱ्यांना व्हीएस कोड या आपल्याच एडिटरच्या एक्स्टेन्शनकडे जायला सांगितलं. म्हणून टूल कुठलंही असो, स्क्रिप्ट साध्या एसक्यूएल फाइलींत आणि गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ठेवा. टूलच्या स्वतःच्या खास फॉरमॅटमध्ये काम अडकलं की टूल बदलण्याचा खर्च लायसन्सपेक्षा मोठा होतो.

तिसरा प्रकार अटींसह फुकट असलेल्यांचा, आणि तिथे तुमच्यासारख्या टीमचा पाय घसरतो. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी फुकट आहे. पण २५० हून अधिक संगणक किंवा वर्षाला १० लाख डॉलरहून अधिक महसूल असलेल्या कंपनीला नेहमीच्या व्यावसायिक कामासाठी ती वापरता येत नाही, आणि त्याहून लहान कंपनीतही एका वेळी पाचच जणांना परवानगी आहे. तुम्ही आठ आहात. डॉकर डेस्कटॉपला (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं टूल) २५० कर्मचारी आणि १ कोटी डॉलर महसूल अशी मर्यादा आहे. डेटाग्रिप हे जेटब्रेन्स कंपनीचं डेटाबेस टूल ऑक्टोबर २०२५ पासून अव्यावसायिक वापरासाठी फुकट झालं. घरी शिकायला जरूर वापरा, ऑफिसच्या कामासाठी लायसन्स लागेलच. डेटाबेसमधले बदल क्रमाने चालवणाऱ्या लिक्विबेसच्या कम्युनिटी आवृत्तीने ५.० पासून अपाचे लायसन्स सोडलं. स्वतःच्या कामापुरतं वापरणाऱ्यांना फारसा फरक पडत नाही, मात्र ते आपल्या उत्पादनात गुंफून विकणार असाल तर नवी अट वकिलाकडून वाचून घ्या.

डेटाबेसच्या फुकट आवृत्तीचाही एक सापळा आहे. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन प्रॉडक्शन (ग्राहकाचं चालू काम) सोडून सगळीकडे फुकट आहे आणि तिच्यात वरच्या एंटरप्राइझ एडिशनची सगळी वैशिष्ट्यं असतात. ग्राहकाकडे असते स्टँडर्ड. मग इथे इंडेक्स ऑनलाइन, म्हणजे टेबल वापरात असतानाच, रीबिल्ड करणारी स्क्रिप्ट छान चालते आणि तिथे एडिशनच्या नावाने एरर देऊन थांबते. २०२५ च्या आवृत्तीत स्टँडर्ड डेव्हलपर अशी वेगळी एडिशन आली आहे. ग्राहक स्टँडर्डवर असतील तर तीच टाका. जुन्या आवृत्तीवर असाल तर रिलीजआधीची चाचणी ग्राहकाच्याच एडिशनवर करा. एक्सप्रेस ही फुकटची एडिशन लहान ग्राहकांना चालते, पण २०२२ पर्यंत तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती ५० जीबी झाली; आणि ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नसल्याने रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर टाकावा लागतो. हे विसरलं जातं, आणि कळतं ते बॅकअप लागतो त्या दिवशी.

ओरॅकलमध्ये तर टूल फुकट आणि बटण दाबल्याचे पैसे, असा प्रकार आहे. एडब्ल्यूआर, एएसएच (दोन्ही डेटाबेसच्या कामगिरीच्या नोंदी) आणि एसक्यूएल ट्युनिंग ॲडव्हायझर ही वैशिष्ट्यं डायग्नोस्टिक्स आणि ट्युनिंग पॅकमध्ये मोडतात. हे पॅक फक्त एंटरप्राइझ एडिशनवर, वेगळे पैसे भरून मिळतात. पण एंटरप्राइझ बसवली की ती तांत्रिकदृष्ट्या चालूच असतात आणि एसक्यूएल डेव्हलपरमधून दोन क्लिकवर रिपोर्ट निघतो. वापराची नोंद डीबीए-फीचर-युसेज-स्टॅटिस्टिक्स या व्ह्यूमध्ये राहते आणि लायसन्स ऑडिटमध्ये ती पाहिली जाते. ग्राहकाने पॅक घेतले नसतील तर कंट्रोल-मॅनेजमेंट-पॅक-ॲक्सेस हे पॅरामीटर ‘नन’ करायला त्यांच्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) सांगा आणि तुमच्या पोरांना कामगिरी तपासायला स्टॅट्सपॅक शिकवा. ते फुकट आहे.

बदल ग्राहकापर्यंत नेण्याचं काम

एसक्यूएल सर्व्हरसाठी फुकटचा रस्ता म्हणजे डेटाबेस प्रोजेक्ट आणि एसक्यूएलपॅकेज हे कमांड लाइन टूल. त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ असलंच पाहिजे असं नाही. नव्या पद्धतीचे एसक्यूएल प्रोजेक्ट व्हीएस कोडमध्ये बनतात आणि डॉटनेटच्या साध्या बिल्ड कमांडने बांधले जातात. आहे तो डेटाबेस प्रोजेक्टमध्ये आयात करा. प्रत्येक टेबल, व्ह्यू, प्रोसीजरची वेगळी फाइल तयार होते, ती गिटमध्ये टाका. बिल्ड केलं की डॅकपॅक फाइल, म्हणजे डेटाबेसच्या रचनेचं गाठोडं, मिळते. पहिल्या बिल्डला बहुधा एरर आणि वॉर्निंगचा ढीग येतो, कारण नसलेल्या कॉलमचा उल्लेख करणाऱ्या, वर्षानुवर्षं कुणी न चालवलेल्या प्रोसीजर तेव्हा उघड्या पडतात. तो ढीग उपसायला आठवडा-दोन आठवडे धरा. तो उपसणं हाच निम्मा फायदा आहे.

पुढे रिलीजच्या वेळी ग्राहकाचा ताजा बॅकअप चाचणी सर्व्हरवर उतरवा. त्यावर एसक्यूएलपॅकेज आधी डिप्लॉयरिपोर्ट या ॲक्शनने चालवा. काय बदलेल आणि कुठे डेटा जाण्याची शक्यता आहे याची यादी मिळते. मग स्क्रिप्ट ॲक्शनने एसक्यूएल काढा, माणसाने वाचा, त्या प्रतीवर चालवा, वेळ मोजा. प्रॉडक्शनवर थेट पब्लिश करू नका, निदान पहिली काही रिलीज तरी.

यात घोटाळे होतात ते ठरावीक. पहिला कॉलमच्या नावाचा. फाइलमध्ये हाताने ‘मोबाइल’चं ‘फोन’ केलं तर टूलला नाव बदललेलं कळत नाही. त्याच्या लेखी जुना कॉलम काढायचा आणि नवा, रिकामा घालायचा. नाव रिफॅक्टरच्या सोयीनेच बदला, म्हणजे रिफॅक्टरलॉग फाइलमध्ये नोंद होते, आणि ती फाइल गिटमध्ये जातेय ना ते बघा. ‘ब्लॉक ऑन पॉसिबल डेटा लॉस’ हा पर्याय मुळात चालू असतो आणि टेबलात ओळी असतील तर तो डिप्लॉय अडवतो. रात्री साडेअकराला कुणीतरी वैतागून तो बंद करतं. बंद करण्याचा अधिकार एकाकडेच ठेवा.

दुसरा घोटाळा कॉलमच्या क्रमाचा. नवा कॉलम फाइलमध्ये मधेच घातला की एसक्यूएलपॅकेज पूर्ण टेबल नव्याने बांधायला घेतं: नवं टेबल, सगळ्या ओळींची नक्कल, जुनं काढून टाकणं. पाच हजार ओळींना काही वाटत नाही, पाच कोटींना लॉग फाइल डिस्क भरून टाकते. ‘इग्नोर कॉलम ऑर्डर’ चालू करा, किंवा नवा कॉलम नेहमी शेवटी लिहायचा असा टीमचा नियम करा. एसएसएमएसच्या टेबल डिझायनरमध्येही हेच घडतं. टेबल पुन्हा बांधावं लागेल असा बदल जतन करू न देणारा पर्याय तिथे मुळात चालू असतो. इंटरनेटवरचा पहिला सल्ला तो बंद करण्याचा असतो. ऐकू नका.

तिसरा, ‘ड्रॉप ऑब्जेक्ट्स नॉट इन सोर्स’. मुळात बंद असतो, म्हणून जुना कचरा साचत राहतो. चालू केला तर ग्राहकाच्या आयटी विभागाने स्वतःच्या रिपोर्टसाठी केलेले व्ह्यू उडतात, आणि वगळले नसतील तर युजर आणि परवानग्याही. बंदच ठेवा आणि काढायच्या गोष्टी नाव घेऊन वेगळ्या स्क्रिप्टने काढा. राज्यांची यादी, कर-दर अशा मास्टर टेबलांतला डेटा डॅकपॅक आपोआप जुळवत नाही. त्यासाठी पोस्ट-डिप्लॉयमेंट स्क्रिप्टमध्ये, कितीही वेळा चालवली तरी बिघडणार नाहीत अशी मर्ज स्टेटमेंट लिहावी लागतात.

हे सगळं बसवूनही एक परिस्थिती अशी उरते जिथे मी विकतचं घ्या म्हणेन. ग्राहक बरेच आहेत, प्रत्येकाकडे वर्षानुवर्षं हाताने केलेले बदल आहेत, आणि कुणाचाच डेटाबेस दुसऱ्याशी जुळत नाही. एसक्यूएलपॅकेज ऑब्जेक्टचे प्रकार वगळू देतं. हे एक टेबल घे, ते सोड, अशी निवड तिथे सरळ होत नाही. व्हीएस कोडमध्ये स्किमा कंपेअर (दोन डेटाबेसच्या रचनेची तुलना) आलं आहे, त्यात निवड करता येते, पण वीस ग्राहकांची कामं रांगेने लावायची तर ते हातकाम होतं. रेडगेटचं एसक्यूएल कंपेअर किंवा डेव्हार्टचं डीबीफोर्ज स्किमा कंपेअर इथे पैसे वसूल करतं. फिल्टर साठवून ठेवता येतात, नाव बदललेली टेबलं एकमेकांना जोडून दाखवता येतात, कमांड लाइनने सगळ्यांवर फिरवता येतं. जोडीचं डेटा कंपेअर मास्टर टेबलांचा त्रास संपवतं. आणि हे टूल आठ जणांना लागत नाही. रिलीज करणारा एक आणि त्याच्या रजेत सांभाळणारा दुसरा, अशी दोन लायसन्स पुरतात. ती आपोआप चालणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर वापरता येतात का, हे मात्र विक्रेत्याकडून लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी त्याची अट वेगळी असते.

पोस्टग्रेसचं काम नवं आहे, तिथे तुलना करण्याची वेळच येऊ देऊ नका. पहिल्या दिवसापासून मायग्रेशन फाइली (प्रत्येक बदलाची क्रमांक दिलेली स्क्रिप्ट) ठेवा. त्या क्रमाने चालवायला फ्लायवे कम्युनिटी पुरेसं आहे. फाइलच्या नावात व्ही, क्रमांक, मग दोन अंडरस्कोर आणि वर्णन असतं. एकच अंडरस्कोर टाकला तर फ्लायवे ती फाइल मायग्रेशन म्हणून धरतच नाही आणि मुळातल्या सेटिंगवर तक्रारही करत नाही. नावं तपासणारा ‘व्हॅलिडेट मायग्रेशन नेमिंग’ पर्याय चालू करा. एकदा चाललेली फाइल पुन्हा उघडून दुरुस्त करायची नाही, नाहीतर चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळत नाही म्हणून पुढचं सगळं अडतं. कॉन्करंट पद्धतीने, म्हणजे टेबलावर लिहिणं न थांबवता, इंडेक्स बनवणारी स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. ती ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा गटात) चालत नाही, आणि फ्लायवेचं स्वतःचं ट्रान्झॅक्शनवालं लॉक चालू असेल तर काम नुसतं लटकून राहतं. पोस्टग्रेससाठीचं ते लॉक सेटिंगमधून बंद करावं लागतं. प्रत्येक बदलाआधी लॉक टाइमआउट (लॉकची वाट बघण्याची मर्यादा) पाच सेकंदांवर ठेवा. नाहीतर एक लांबलेला रिपोर्ट तुमच्या आल्टर टेबल या रचना बदलणाऱ्या कमांडला अडवतो आणि आल्टर टेबलमागे सगळं ॲप रांगेत उभं राहतं.

विकतच्या फ्लायवेमध्ये बदल उलटवणाऱ्या अनडू स्क्रिप्टची सोय आहे. तेवढ्यासाठी पैसे घालू नका. काढून टाकलेल्या कॉलममधला डेटा कुठलीही अनडू स्क्रिप्ट परत आणत नाही. तो बॅकअपमधूनच येतो.

ओरॅकलच्या एका ग्राहकासाठी टोड या विकतच्या टूलचं लायसन्स घ्यायचं का हे पीएल/एसक्यूएल (ओरॅकलची प्रोसीजर लिहायची भाषा) किती आहे त्यावर ठरवा. अधूनमधून पॅकेज बदलत असाल तर नको. ‘एसक्यूएल डेव्हलपरमध्ये डीबगर चालत नाही, म्हणून टोड हवं’ ही मागणी नेहमी येते. तिथे दोष बहुधा टूलचा नसतो. त्याचा डीबगर (कोड ओळीओळीने चालवून चूक शोधणारा) जेडीडब्ल्यूपी हा प्रोटोकॉल वापरतो आणि त्यात डेटाबेस सर्व्हर उलट तुमच्या लॅपटॉपशी जोडणी करायला बघतो. व्हीपीएन किंवा फायरवॉल ती अडवते. डीबग कनेक्ट सेशनचा हक्क आणि १२सी पासून लागणारी नेटवर्क एसीएल (परवानग्यांची यादी) तपासा, किंवा पर्यायांत डीबगरखाली जुनी डीबीएमएस-डीबग पद्धत निवडा.

रोजच्या वापरातल्या खाचा

डीबीव्हर निकालाच्या पहिल्या २०० ओळी आणून थांबतं. खाली दिसणारी वेळ तेवढ्याचीच असते. ‘माझ्याकडे ४० मिलिसेकंदांत येते, ॲपमध्येच हळू आहे’ हा वाद इथून सुरू होतो; पोस्टग्रेसवर एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) बफर्ससकट चालवून मगच बोला. कनेक्शनचा प्रकार प्रॉडक्शन ठेवला की ऑटो-कमिट (प्रत्येक बदल लगेच पक्का होणं) बंद होतं. ते सुरक्षित आहे, पण अपडेट करून जेवायला गेलेला माणूस ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून जातो. पोस्टग्रेसमध्ये ते सेशन ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसतं, लॉक धरून बसतं आणि व्हॅक्युमला जुन्या ओळी साफ करू देत नाही. त्यासाठीचा टाइमआउट डेव्हलपरांच्या रोलवर दहा मिनिटांचा लावा. मोठा एक्स्पोर्ट करताना मेमरी संपली तर डीबीव्हर-आयएनआय फाइलमधली एक्सएमएक्स ही मेमरीची मर्यादा २०४८ एमबी करा. यासाठी कुणी दुसरं टूल मागत असेल तर नको.

मराठी डेटा असेल तर कुठलंही टूल निवडताना ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्यातून घालून, वाचून, सीएसव्हीमध्ये काढून बघा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराचा प्रकार) असूनही अवतरणचिन्हाआधी एन लावला नाही, तर नेहमीच्या कोलेशनवर (अक्षरं साठवण्या-जुळवण्याच्या नियमांवर) प्रश्नचिन्हं साठतात आणि मूळ अक्षरं कायमची जातात. काही टूलचे ग्रिड एडिटर एन आपोआप लावतात, हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये तो तुम्हालाच लावायचा असतो. २०१९ पासून आलेल्या यूटीएफ-८ कोलेशनने जागा वाचते हे रोमन मजकुरापुरतं खरं आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट घेतं, एनव्हारकॅरमध्ये २. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ या मजकुराच्या प्रकाराची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. ‘महाराष्ट्र’ला यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट लागतात, म्हणून २० चा कॉलम तो नाकारतो. लांबी कॅरेक्टरमध्ये जाहीर करा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरं तुटली तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ओळखवणारी खूण) नाही. डीबीव्हरच्या एक्स्पोर्टमध्ये तो घालण्याचा चौकोन आहे.

देखरेख आणि ट्युनिंगसाठी या टप्प्यावर काहीच विकत घेऊ नका. एसक्यूएल सर्व्हरवर क्वेरी स्टोअर, एसपी-ब्लिट्झ, एसपी-हूइजॲक्टिव्ह आणि ओला हॅलेनग्रेनच्या मेंटेनन्स स्क्रिप्ट ही फुकटची साधनं पुरतात. पोस्टग्रेसवर पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स आणि पीजीबॅजर. एवढं रोज बघणारा माणूस नेमा, तो मिळणं टूलपेक्षा अवघड आहे.

हिशेब आणि खरेदी

लेखनाला वेग देणाऱ्या टूलचा, म्हणजे एसक्यूएल प्रॉम्प्ट किंवा डेटाग्रिपचा, हिशेब तासांत करा. डेव्हलपरचा तास सगळा खर्च धरून ९०० रुपयांना पडतो आणि लायसन्स वर्षाला ४५,००० ला, असं समजा. जीएसटी १८ टक्के, पण नोंदणीकृत कंपनीला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो सोडा. ५० तास वाचले तर पैसे फिटले, म्हणजे आठवड्याला साधारण एक तास. दिवसभर टी-एसक्यूएल (एसक्यूएल सर्व्हरची एसक्यूएल बोली) लिहिणाऱ्या दोघा-तिघांचा तेवढा वेळ वाचतो. दिवसातून दोन क्वेरी मारणाऱ्या वेब डेव्हलपरचा कधीच वाचत नाही. तुमचा खरा दर टाकून आकडा पुन्हा काढा.

चाचणीची मुदत साधारण १४ ते ३० दिवस असते. ती रिलीजच्या आठवड्याला लावून सुरू करा, मोकळ्या आठवड्यात नव्हे. आधी खऱ्या ग्राहकाचा बॅकअप नावं-मोबाइल झाकून घ्या. मागच्या सहा महिन्यांतले सर्वांत किचकट तीन बदल निवडा: एक नाव बदललेला कॉलम, एक मोठं टेबल, एक मास्टर डेटा. ते एसक्यूएलपॅकेजनेही करा आणि विकतच्या टूलनेही, दोन्ही स्क्रिप्ट शेजारी ठेवून वाचा. फरक दिसला नाही तर खरेदी थांबवा.

घ्यायचं ठरलं तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. वर्गणी संपल्यावर टूल बंद पडतं की जुनी आवृत्ती चालू राहते? जेटब्रेन्स सलग १२ महिने पैसे भरल्यावर एका आवृत्तीचा कायमचा हक्क देतं, सगळे देत नाहीत. बँकेसारख्या ग्राहकाच्या इंटरनेट नसलेल्या मशीनवर ऑफलाइन सक्रिय करता येतं का? माणूस सोडून गेला तर लायसन्स दुसऱ्याच्या नावावर किती दिवसांत होतं? परदेशी विक्रेत्याकडून थेट घेतलं तर जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो, हे अकाउंट्सला आधीच सांगा. कार्डावर आपोआप नूतनीकरणाच्या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १५,००० रुपयांवरच्या आपोआप वसुलीला दर वेळी वेगळी मंजुरी लागते आणि परदेशी वसुली बऱ्याचदा नाकारली जाते. लायसन्स नेमकं रिलीजच्या दिवशी संपतं. भारतातल्या पुनर्विक्रेत्याकडून रुपयांत वार्षिक बिल घ्या आणि मुदतीच्या ३० दिवस आधीची आठवण दोघांच्या कॅलेंडरवर लावा.